नुसतं बघायचे पैसे

आमच्या गाडीला जूनमध्ये उचकी लागली.

पुण्यात वनाजच्या पुढे पौड रस्ता चांदणी चौकाकडे चढायला लागतो. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी आधी नुसती गप्प व्हायची. अर्धा क्षणच. मग कुणी मागून पदर धरून ओढावा तसा एक गचका, पाठोपाठ दुसरा, कधी तिसरा, आणि त्यानंतर काही झालंच नाही अशा थाटात पळायला लागायची. सपाटीला काही तक्रार नाही. सिग्नलला उभी असली तर इतकी शांत, की चालू आहे की बंद हे काटा बघून ठरवावं लागे. दर शनिवारी मी भूगावला आईकडे जाते, त्यामुळे तो चढ काही चुकत नाही. चांदणी चौकातला जुना पूल १ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्रीनंतर पाडला, पुढच्या ऑगस्टमध्ये नवा पूल खुला झाला, आणि तेव्हापासून तिथे इतके रॅम्प झालेत की धडधाकट गाडीवालासुद्धा एकदा तरी बाणेरला जायच्या ऐवजी मुळशीच्या वाटेला लागतो. त्या गोंधळात, मागे डंपर असताना, गाडीने असा श्वास अडकवून धरला की पोटात गोळा येतो. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला रिक्षाने यायला लावलं असतं.

गाडी २०१४ची. पेट्रोल, चार सिलिंडर, बाराशे सीसी, अडुसष्ट हजार किलोमीटर झालेली. रंग चांदीसारखा होता असं कागदपत्रांत लिहिलंय.

आता पुण्यात गाडी अडखळते म्हटल्यावर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या मला पाच निदानं मिळाली, आणि त्यातल्या एकानेही बॉनेट उघडायला सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, क्लच गेला. वॉचमन म्हणाला, उंदराने वायर खाल्ली असणार, तंबाखूची पानं टाका. (टाकली. पुढचे चार दिवस एसी लावला की गाडीत पानाच्या टपरीचा वास.) नवरा म्हणाला, विकून टाकू. तो प्रत्येक प्रश्नावर हेच म्हणतो. मिक्सर बिघडला तेव्हाही म्हणाला होता.

आणि बाकी सगळे म्हणाले, इथेनॉल.

इथेनॉलवरून आमच्या घरी एका रविवारी जेवणात रंग भरला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट सरकारने आधी २०३० सालासाठी ठेवलं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ केलं आणि गाठलंही. माझी गाडी त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे शंका घ्यायला जागा होतीच. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. हे सगळं खरं. पण आमच्या धाकट्या दिरांचा ऊस कारखान्याला जातो. मोठे दीर दोन महिन्यांपूर्वी नवी गाडी घेऊन पस्तावलेले. वरण-भातापासून ताकापर्यंत जो वाद झाला, त्यात माझ्या गाडीचं नाव फक्त सुरुवातीला एकदा आलं.

शेवटी सर्व्हिस सेंटरला नेली. कुठल्या, ते सोडा. काचेची खोली, कॉफीचं मशीन, गळ्यात पट्टा लटकवलेला एक गोड मुलगा. "मॅडम, जनरल चेकअप फ्री आहे," तो म्हणाला, आणि मी खूश झाले. संध्याकाळी गाडी मिळाली. जॉबकार्डावर लिहिलं होतं: टेस्ट ड्राइव्ह केली, दोष आढळला नाही, स्कॅनरमध्ये कोड नाही. त्याखाली मात्र चार नवे प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, इंजेक्टरची सफाई, एअर फिल्टर आणि टाकीत ओतायची एक बाटली. सात हजार आठशे चाळीस रुपये. दोष आढळला नव्हता, तो एवढ्याला पडला.

पण गाडी बरी झाली! चांदणी चौकाचा चढ लोण्यासारखा. मी बिलाबद्दलची कुरकुर मागे घेतली, नवऱ्याला दोन शब्द ऐकवले. अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी, शनिवारीच, त्याच जागी, उचकी.

इथे थोडं माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं मला एवढं का लागलं ते कळणार नाही.

मी मुद्रितशोधन करते. चोवीस वर्षं झाली. पुस्तकाची प्रुफं येतात, मी वाचते, चुका दाखवते, पानामागे पैसे मिळतात. या कामातली गंमत अशी, की चूक सापडली तर मी काम केलं हे दिसतं, आणि सापडली नाही तर मी काय केलं हे कुणालाच दिसत नाही. एकदा सोळा पानांचा एक फॉर्म मी फक्त दोन खुणा करून परत पाठवला. लेखक काटेकोर होते, टंकलेखन स्वच्छ होतं, चुका दोनच होत्या. प्रकाशकांचा फोन आला: "वाचलंत ना नीट?" मी तो फॉर्म तीनदा वाचला होता. त्या काळात मी नवी होते. पुढचा फॉर्म पाठवताना मी दोन-तीन 'परंतु' खोडून 'पण' केले, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. गरज काहीच नव्हती. कागदावर लाल शाई दिसली म्हणजे झालं. बिल बिनबोभाट निघालं.

सर्व्हिस सेंटरचं बिल मी त्या एकोणिसाव्या दिवशी पुन्हा काढून बघितलं, तेव्हा मला ते 'परंतु' आठवले. चेकअप फ्री ठेवल्यावर त्या पोराने तरी काय करावं? बघायचे पैसे मिळत नाहीत, बदलायचे मिळतात. मग बदलतो.

अप्पा बळवंत चौकाच्या मागे ज्यांच्याकडे आमची पुस्तकं बांधायला जातात, त्या बाइंडरांचा एक टेम्पो आहे. त्यांनी धनकवडीतल्या एका मेस्त्रींचं नाव सांगितलं आणि वर म्हणाले, "माणूस तऱ्हेवाईक आहे. आधी चारशे घेतो."

"कशाचे?"

"बघायचे."

पुणेरी पाट्यांच्या विनोदांचा मला आता कंटाळा येतो. पण गॅरेजच्या पत्र्यावर लटकवलेली ती पाटी विनोद म्हणून लावलेली नव्हतीच. पावसाने अक्षरं उतरली होती, तरी वाचता येत होती: गाडी बघण्याचे ४०० रुपये. दोष सापडला नाही तरी.

मी पर्समधून चारशे काढून दिले. इतक्या आनंदाने मी आजवर कुणाला पैसे दिले नसतील.

मेस्त्री साठीच्या पुढचे. नाकावर घसरलेला चष्मा, त्याची एक दांडी तांब्याच्या तारेने बांधलेली. त्यांनी गाडीला हात लावला नाही. स्टुलावर बसले आणि विचारायला सुरुवात केली. सकाळी गार असताना अडखळते का तापल्यावर? सगळ्या गिअरला का ठरावीक? पाय हळू दाबला तर? एकदम दाबला तर? एसी चालू असताना जास्त? पाऊस असला की वाढतं? टाकी अर्ध्याखाली गेली की? उभ्या गाडीत रेस दिली तर? मीटरवर इंजिनचा दिवा लागतो का, लागला तर स्थिर राहतो का लुकलुकतो?

शेवटच्या प्रश्नावर मी म्हणाले, एकदाच, चढावर, दोन सेकंद लुकलुकला असावा. नक्की नाही.

"लुकलुकला तर पाय काढायचा ताई. स्थिर दिवा म्हणजे सवडीने दाखवा. लुकलुकणारा म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे चाललंय. तिथे वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात ते पेटतं. तो वितळला तर हे सगळं बिल तुम्हाला चहापाण्यासारखं वाटेल." मग हात पुढे केला. "बिल आणलंय?"

माझं बिल मागणारा हा पहिला माणूस. त्यांनी ते ओळ न् ओळ वाचलं, मी वाचते तसं, बोट खाली सरकवत. मग म्हणाले, "प्लग बदलल्यावर किती दिवस बरी होती?"

"अठरा."

"हां," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा गाडीकडे बघितलं.

माझ्या तक्रारीला त्यांच्याकडे एकच शब्द होता: मिसिंग. गाडी मिसिंग करते. सगळ्या गॅरेजांत हाच शब्द चालतो म्हणे. मला तो फार आवडला, कारण आमच्याकडेही तसंच असतं. अशुद्ध लिहिलेला शब्द डोळ्याला खुपतो. गाळलेला शब्द खुपत नाही. वाचणारा तो मनाने भरून पुढे जातो. प्रुफात सगळ्यात अवघड गळती पकडणं.

"चला घाटात," मेस्त्री म्हणाले. "गाडी तुम्ही चालवा. तुमच्या पायाला सवय आहे तिच्या उचकीची."

कात्रजचा जुना घाट मी कितीतरी वर्षांत चढले नव्हते. सगळे नव्या बोगद्यातून जातात. भिलारेवाडी मागे टाकली तेव्हा भुरभुर सुरू झाली होती. मेस्त्रींच्या मांडीवर वहीएवढा स्कॅनर, त्याची वायर माझ्या गुडघ्यापाशी स्टिअरिंगखाली खोचलेली. मी नेहमीसारखा गिअर उतरवायला गेले तर म्हणाले, "नको. चौथ्यातच ठेवा. आणि दाबा." ड्रायव्हिंग स्कूलमध्ये याच गोष्टीसाठी मला ओरडा बसला होता. चाळीसच्या वेगाला चौथा गिअर, वर चढ. इंजिन कण्हायला लागलं.

"तुमच्या सर्व्हिसवाल्याने बहुतेक सपाट रस्त्याला फिरवून आणली असेल," ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "तिथे ती कशाला तक्रार करेल? ओझं नाही तिच्यावर."

आणि गचका बसला.

त्यानंतरची वीस मिनिटं मी घाटात वर-खाली करत होते आणि ते मला आकडे वाचून दाखवत होते. मला जेवढं समजलं ते सांगते, कारण ते ऐकताना मला एखादं उत्तम संपादित पुस्तक वाचल्यासारखं वाटत होतं.

इंजिनला साधारण एक भाग पेट्रोलला चौदा-पंधरा भाग हवा लागते, वजनाने. हे गणित जुळतंय का ते धुराच्या वाटेवर बसलेला एक ऑक्सिजन सेन्सर सतत हुंगत असतो. धुरात प्राणवायू जास्त दिसला की इंजिनचा कॉम्प्युटर म्हणतो, पेट्रोल कमी पडतंय, थोडं वाढवा. किती टक्के वाढवलं, तो आकडा स्क्रीनवर दिसतो. सिग्नलला उभ्या गाडीत माझा आकडा होता अधिक पाच. "हे तुमच्या इथेनॉलचे," मेस्त्री म्हणाले. "त्यात दम कमी, म्हणून जरा जास्त सोडावं लागतं. पण बघा, उभी असताना पाच, चढावरही पाच. म्हणजे तिने ते सांभाळून घेतलंय. इथेनॉलने गचके बसत असते तर हा आकडा कधीच हाताबाहेर गेला असता."

मोठे दीर, ऐका.

"पेट्रोलचा पंप दमला असता, फिल्टर तुंबला असता, तर चढावर पाय दाबला की आकडा आधी चढत गेला असता, दहा, पंधरा, वीस, आणि मग गचका. कुठे नळी फाटून हवा चोरली जात असती तर उलट. उभी असताना आकडा मोठा आणि पळताना कमी. आता तुमचं बघा. दाबा. पाच... पाच... पाच... गचका. आता चौदा! आधी गचका, मग आकडा. म्हणजे पेट्रोल पोचलं होतं. जळलंच नाही. न जळलेल्यातला प्राणवायू सेन्सरला दिसला आणि त्याला वाटलं पेट्रोल कमी."

मी गाडी कडेला घेतली. खरंतर थांबायचं काही कारण नव्हतं. ते वाक्य नीट ऐकायचं होतं.

त्यांच्या स्कॅनरवर अजून एक पान होतं, सगळ्या गाड्यांत दिसत नाही म्हणे: कुठल्या सिलिंडरने किती वेळा चुकवलं त्याची मोजणी. एक, दोन आणि चारसमोर शून्य. तीनसमोर सदतीस. चोवीसशे आरपीएमला चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला ऐंशी ठिणग्या पडतात. १-३-४-२ अशा क्रमाने, न चुकता. त्यातल्या चार-दोन पडल्या नाहीत की माझ्या पाठीला गचका. आणि इतक्या थोड्या चुकांसाठी कॉम्प्युटर कोड नोंदवायचे कष्ट घेत नाही, म्हणून जॉबकार्डावर 'कोड नाही'. ते खोटं नव्हतं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं ते खरं उत्तर होतं.

गॅरेजमध्ये परत आलो तर पाऊस धरलेला. पत्र्यावर असा आवाज की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर ठिणगीला वीज पुरवणारा स्वतःचा कॉइल बसतो, आणि कॉइलच्या खालच्या टोकाला वीतभर लांब रबरी टोपी, ती खोल भोकात जाऊन प्लगला घट्ट बसते. त्या भोकाला मेस्त्री 'विहीर' म्हणत होते. तीन नंबरचा कॉइल त्यांनी सरळ वर ओढला. टोपीचं टोक ओलं होतं, चमकत होतं.

"पाणी?" मी विचारलं. पावसाळा होता, इंजिन धुतलंही होतं.

त्यांनी बोटाने पुसून अंगठ्यावर घासलं, वास घेतला. "ऑइल."

विहिरीच्या तळाशी चमचाभर इंजिन ऑइल साठलं होतं. त्यांच्या पोऱ्याने लगेच प्लगला पाना घातला तर ओरडले. आधी ऑइल टिपून घ्यायचं, हवा मारायची, मग प्लग. नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये. कॉटन वेस्टचे तीन बोळे काळे झाले, मग प्लग वर आला. सर्व्हिस सेंटरमध्ये घातलेला, दीड महिन्याचा.

खालचं टोक, जिथे ठिणगी पडते, ते बिस्किटाच्या रंगाचं, कोरडं. तसंच असायला हवं. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरंफटक म्हणजे कमी. त्यांनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि प्लग उलटा करून वरचा चिनी मातीचा पांढरा भाग चिंधीने पुसला. मग माझ्या हातात दिला. "दिसतंय?"

मला दिसलं नाही. चोवीस वर्षं बारीक टाइप वाचून खाल्लेत, आणि मला दिसलं नाही. उजेडाकडे धरला. फिरवला. पुन्हा फिरवला.

मग दिसलं. पांढऱ्या चिनी मातीवर, वरच्या टोकापासून खाली लोखंडी नटापर्यंत, एक काळी रेघ. तासलेल्या शिसपेन्सिलीने हलकीच ओढावी एवढी बारीक, थोडी नागमोडी, एका ठिकाणी दोन फाटे फुटलेली. बोटाच्या पेराएवढी लांब असेल. नखाने खरवडली, जाईना. भाजून बसली होती.

"इथून पळत होती ठिणगी," मेस्त्री म्हणाले.

टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून ऑइल झिरपून विहिरीत उतरत होतं. त्या ऑइलने टोपीचं रबर फुगलं, मऊ पडलं, त्याला आतून केसाएवढी चीर गेली. विजेला तेवढी वाट पुरते. प्लगच्या दोन टोकांमध्ये मिलिमीटरभर फट असते, तिच्यावरून उडी मारायला गाडी निवांत असताना आठ-दहा हजार व्होल्टही पुरतात, तेव्हा वीज सरळ मार्गाने जाते. पण चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, ती दहापट दाबली जाते, आणि त्या दाटीतून उडी मारायला वीस हजारांच्या पुढे व्होल्ट लागतात. तेवढे कष्ट घेण्यापेक्षा वीज बाहेरच्या बाहेर, चिनी मातीच्या अंगावरून, टोपीच्या चिरेतून इंजिनच्या धातूत उतरते. जाताना मातीवर कोळशाची रेघ ओढून जाते. पुढच्या वेळी तीच रेघ तिचा रस्ता. रोज थोडी जास्त ठळक.

"मग नव्या प्लगवर अठरा दिवस बरी का होती?"

"जुन्या प्लगवरही अशीच रेघ असणार. तो फेकला, नवा पांढराशुभ्र आला, त्यावर रस्ता नव्हता. पण टोपी तीच जुनी चढवली ना. तिच्या चिरेने नव्या प्लगवर पुन्हा रेघ ओढली. अठरा दिवस लागले ओढायला." मग जरा थांबून, "ज्याने प्लग बदलला त्याने हे ऑइल बघितलंच असणार. विहिरीत हात घातल्याशिवाय प्लग निघत नाही. पण त्याला प्लग बदलायला सांगितलं होतं."

मला त्या न बघितलेल्या पोराचा राग यायला हवा होता. आला नाही. पान एकशे बारावरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासा असं सांगितलं, की पान एकशे तेरावर लेखकाच्या नायिकेचं नाव बदललंय हे मलाही दिसत नाही. असं एकदा झालंय. ती कादंबरी तशीच छापली गेली.

पोऱ्या रेनकोट घालून स्कूटरवरून नाना पेठेत पॅकिंग आणायला गेला. तोवर मेस्त्रींनी बाकीचे तिन्ही कॉइल उपसून बघितले. दोन नंबरच्या टोपीलाही ऑइलचा ओलावा होता, रेघ अजून नव्हती. चारही टोप्या बदलायच्या असं ठरलं. प्लग मात्र एकच, तीन नंबरचा. बाकीचे चांगले होते, ते त्यांनी पुसून परत बसवले. "आणि आज नुसती टोपी बदलून हा रेघेवाला प्लग ठेवला असता, तर महिन्याभरात हाच नव्या टोपीला जाळतो. दोघं एकदम गेले पाहिजेत." कॉइल महाग असतो, तो बदलायचा का, मी विचारलं. "कॉइलचा काही गुन्हा नाही. शंका असती तर तीनचा कॉइल एकला आणि एकचा तीनला लावून तुम्हाला परत घाटात पिदाडलं असतं. दोष कॉइलबरोबर हलला तर कॉइल. इथे गरज नाही, पुरावा हातात आहे."

हिशेब असा झाला: पॅकिंग साडेसहाशे, टोप्या सहाशे, प्लग अडीचशे, मजुरी सातशे. बघायचे चारशे आधीच दिलेले. सव्वीसशे.

टॅपेट कव्हर उघडल्यावर जुनं पॅकिंग मला दाखवलं. रबर असायला हवं, ते बांगडीसारखं कडक झालं होतं. वाकवलं तर कट्‌ करून तुटलं. अकरा वर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजलेलं. नवं बसवताना त्यांनी बोल्ट एका कडेने ओळीने आवळले नाहीत. मधून सुरुवात, मग समोरासमोर, आधी सगळे थोडेथोडे, मग पुन्हा फेरी. पाना फार जोर न देता, दोन बोटांनी. जास्त आवळलं तर नवं पॅकिंगही चिरडतं.

मी पुन्हा घाटात जायला निघाले तर म्हणाले, "मी कशाला? तुमची तुम्हीच जाऊन या." पण स्कॅनर दिला. भिलारेवाडीच्या पुढे, चौथा गिअर, चाळीस, पाय खाली. इंजिन कण्हलं, पण एका सुरात. शेजारच्या सीटवर तीन नंबरसमोर शून्य. घाटात दोन मुलं छत्री उलटी झाल्यामुळे हसत उभी होती. त्यांनी मला उगीच हात केला, मीही केला.

परत आले तेव्हा पाऊस उघडला होता. मेस्त्री स्टुलावर चहा पीत होते, माझ्यासाठीही सांगितला. तो रेघेचा प्लग मी मागून घेतला. "काय करणार त्याचं?" टेबलावर ठेवणार, म्हटलं. (ठेवलाय. आल्यागेल्याला दाखवते. नवऱ्याला अजून रेघ दिसलेली नाही. धाकट्या दिरांना इथेनॉल निर्दोष सुटल्याचं कळल्यावर लगेच दिसली.)

"तुम्ही काय करता ताई?"

मी सांगितलं. पुस्तकं छापण्याआधी वाचते. चुका बघते.

"अरे वा," म्हणाले, आणि आत जाऊन एक कागद घेऊन आले. पाटी नवी करायची होती, पेंटरने मजकूर लिहून दिला होता. जुन्या दोन ओळी होत्याच, खाली आणखी दोन घातल्या होत्या: गाडी बघताना शेजारी उभे राहून कारण सांगू नये. दुसरीकडचे बिल असल्यास आणावे. "रंगवण्याआधी एकदा बघा. मागच्या वेळी 'दोष'चा 'श' पोटफोड्या की शेंडीफोड्या यावरून गिऱ्हाइकांनीच डोकं खाल्लं होतं."

मी चहाचा कप बाजूला ठेवला. सवयीने आधी एकदा अर्थासाठी वाचलं, मग अक्षरासाठी, मग शेवटच्या शब्दाकडून उलट. 'दोष'चा ष बरोबर होता. शून्यं दोन होती. अनुस्वार जागेवर. पूर्णविराम चारही.

"काही चूक नाही," मी कागद परत देत म्हणाले.

मेस्त्रींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग एवढा वेळ काय बघत होता ताई?"